एक्सेलची फाइल उघडली की खिडकी दिसत नाही, स्क्रोल बार तांदळाच्या दाण्याएवढा: दूध संस्थेचं रजिस्टर कसं सावरू?

पंचगंगाकाठ | मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. शिरोळ तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत मी हिशेबाचं काम बघते. आधीचे सचिवकाका निवृत्त झाले आणि त्यांची एक्सेलची फाइल माझ्याकडे आली. त्यात ३४० उत्पादकांचं सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर आणि रक्कम असते. दर दहा दिवसांनी त्यावरून बिल निघतं. फाइल चांगली बांधलेली आहे, हिशेबात कधी चूक सापडली नाही. पण माझ्या लॅपटॉपवर ती चालवताना तीन अडचणी येतात.

पहिली अडचण म्हणजे 'संकलन' या शीटवरचा उभा स्क्रोल बार. त्यातला धरायचा ठोकळा इतका बारीक झालाय की माउसने पकडता येत नाही. पकडून जरासा खाली ओढला की एकदम दोन-तीन लाखाव्या ओळीवर जाते. माझा डेटा साडेसहा हजार ओळींतच संपतो.

दुसरी, फाइल डबलक्लिक केली की खाली टास्कबारवर तिचं छोटं चित्र दिसतं, पण पडद्यावर काहीच येत नाही. कधीकधी दहा वेळा उघड-मीट केल्यावर येते.

तिसरी, खालचा आडवा स्क्रोल बारच नाही. एन कॉलमपर्यंत जायला बाणाचं बटण दाबत बसावं लागतं.

विंडोज १० आणि एक्सेल २०१९ आहे, लॅपटॉप साडेपंधरा इंची. गावातल्या एका मुलाकडून ऑफिस काढून परत टाकून घेतलं, तरी फरक नाही. १० तारखेला बिल काढायचंय. उत्पादक बिलाची वाट बघत असतात, त्यामुळे जिवाला घोर लागलाय. कुणाला माहीत असेल तर सांगा.

मास्तर_खानापूर | मंगळवार, रात्री १०.०५

ताई, उजवीकडे खाली झूम असतो तो ७० टक्के करून बघा. जास्त कॉलम दिसतील. मी निकालपत्रक असंच भरतो.

कोरीपाटी | मंगळवार, रात्री १०.१२

सगळं कंट्रोल-ए करून कॉपी करा आणि नव्या कोऱ्या फाइलमध्ये पेस्ट करा. पाच मिनिटांचं काम.

ताळेबंद | मंगळवार, रात्री १०.५०

पंचगंगाकाठ ताई, कॉपी-पेस्ट अजिबात करू नका. कोरीपाटी, तुम्ही चांगल्या हेतूनेच सुचवलंत, पण यात दोन धोके आहेत. कंट्रोल-ए करून उचललं की बिघाडही सोबत उचलला जातो, कारण खालच्या रिकाम्या ओळींचं रूपही कॉपी होतं. आणि बिलाच्या शीटवरची सूत्रं जुन्या फाइलकडे बोट दाखवत राहतात. पुढच्या महिन्यात जुनी फाइल कुणी हलवली की बिलात चुकीच्या रकमा येतील, आणि ते लगेच लक्षातही येणार नाही. लोकांच्या पैशांची फाइल आहे ही.

मी सहकारी संस्थांचे हिशेब बरीच वर्षं पाहिले आहेत. अशी फाइल हाताळताना आधी एक गोष्ट ठरवायची: दुखणं फाइलमध्ये आहे, एक्सेलमध्ये आहे की विंडोजमध्ये? त्यासाठी एवढं सांगा.

एक, दुसरी एखादी एक्सेल फाइल याच लॅपटॉपवर नीट उघडते का? तिचे दोन्ही स्क्रोल बार दिसतात का?
दोन, 'संकलन' शीटवर कंट्रोल आणि एंड दाबा. कुठल्या कोठडीवर (सेलवर) जाऊन थांबतं?
तीन, फाइल किती एमबीची आहे?

आणि काहीही करायच्या आधी फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. आजच.

पंचगंगाकाठ | बुधवार, सकाळी ७.१५

प्रत ठेवली. बाकी फाइली व्यवस्थित उघडतात, सगळे बार दिसतात. कंट्रोल-एंड दाबल्यावर एएक्स कॉलम, ओळ १०४८५७६ वर गेलं. तिथे काहीच नाही, नुसती कोरी कोठडी. फाइल ३८ एमबी आहे.

ताळेबंद | बुधवार, सकाळी ८.३०

म्हणजे दुखणं फाइलमध्ये आहे. ऑफिस परत टाकून फरक पडला नाही त्याचं कारणही हेच.

आता पहिली अडचण समजून घेऊ. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ कॉलम असतात. २००७च्या आधी ६५,५३६ ओळी आणि २५६ कॉलम असायचे. एवढ्या सगळ्या ओळींसाठी स्क्रोल बार आखलेला नसतो. जिथपर्यंत शीट 'वापरलं गेलं' असं एक्सेलला वाटतं, तिथपर्यंतच तो ताणतो. तुमचं शीट साडेसहा हजार ओळींत संपतंय असं त्याला कळलं असतं तर ठोकळा हातात मावेल एवढा असता. पण त्याला वाटतंय की शेवटच्या ओळीपर्यंत वापर आहे.

असं का वाटतं? एक्सेलच्या हिशेबी वापर म्हणजे नुसता आकडा किंवा अक्षर नव्हे. कोठडीला चौकट दिली, रंग दिला, ओळीची उंची हाताने बदलली, तरी तो वापरच. माझा अंदाज असा की सचिवकाकांनी पाचव्या ओळीपासून कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण दाबून पार तळापर्यंत चौकटी मारल्या असतील, पुढे डेटा वाढला तर तयार असाव्यात म्हणून. कॉलमच्या डोक्यावरच्या अक्षरावर क्लिक करून अख्ख्या कॉलमला चौकट दिली असती तर एक्सेलने ती कॉलमच्या नावे एकदाच नोंदवली असती आणि स्क्रोल बारची पट्टी बिघडली नसती. पाचव्या ओळीपासून निवडल्यामुळे प्रत्येक कोठडीची वेगळी नोंद झाली. चौदा कॉलम गुणिले दहा लाख ओळी. ३८ एमबी त्यातूनच आले.

एएक्स कॉलमचं कोडं वेगळं आहे. कंट्रोल-एंड ज्या कोठडीवर नेतं ती भरलेली असेलच असं नाही. सगळ्यात खालची वापरलेली ओळ आणि सगळ्यात उजवीकडचा वापरलेला कॉलम जिथे एकमेकांना छेदतात, ती जागा ते दाखवतं. एएक्स कॉलममध्ये वर कुठेतरी कधीतरी कुणी काही लिहिलं किंवा रंगवलं असेल.

पुसायला अजून सुरुवात करू नका. आधी खरा शेवट शोधा. शीटवर फिल्टर असेल तर काढा, लपवलेल्या ओळी उघडा. ए१ वर जा, कंट्रोल-एफ दाबा, शोधायच्या जागी फक्त फुलीचा तारा म्हणजे स्टार टाका, 'ऑप्शन्स' उघडून 'लुक इन'मध्ये 'फॉर्म्युलाज' ठेवा. मग शिफ्ट दाबून धरून 'फाइंड नेक्स्ट'वर क्लिक करा. शोध उलटा चालतो आणि ए१ वरून मागे जाता जाता थेट शेवटच्या भरलेल्या कोठडीवर पोचतो. तिथला आकडा कळवा.

पंचगंगाकाठ | बुधवार, दुपारी १.२०

दादा, बरं झालं तुम्ही थांबवलंत. माझ्या हिशेबाने शेवटची ओळ ६५१२. पण शोध जाऊन थांबला ७०२३ वर! मध्ये बराच कोरा भाग आहे आणि मग ७००१ पासून २३ ओळी उत्पादकांच्या उचलीच्या आहेत. कुणी पशुखाद्यासाठी, कुणी म्हैस घ्यायला उचल घेतलेली, त्यातली बाकी. बिलाच्या शीटवर कपात इथूनच येते हे मला आज कळलं. ६५१३ पासून सगळं उडवलं असतं तर या २३ घरांची कपात शून्य झाली असती.

ताळेबंद | बुधवार, दुपारी १.४५

हाच धोका होता. त्या २३ ओळी आधी सुरक्षित जागी न्या. नवं शीट करा, नाव 'उचल' ठेवा. त्या ओळी निवडून कट करून तिथे पेस्ट करा. कॉपी करू नका, कटच करा. कट करून हलवलेल्या अख्ख्या पट्ट्याकडे (सलग कोठड्यांच्या गटाकडे) पाहणारी सूत्रं आपोआप नव्या जागेकडे वळतात. नंतर बिलाच्या शीटवर दोन-तीन उत्पादकांची कपात जुन्या बिलाशी ताडून बघा. सूत्रातला पट्टा त्या २३ ओळींपेक्षा मोठा दिलेला असेल तर तो वळणार नाही, हाताने दुरुस्त करावा लागेल.

ते जुळलं की साफसफाई:

'फॉर्म्युलाज' टॅबमधून 'कॅल्क्युलेशन ऑप्शन्स'मध्ये 'मॅन्युअल' करा, नाहीतर प्रत्येक पावलाला लॅपटॉप गणित करत बसेल. मग डाव्या कोपऱ्यात जिथे कोठडीचं नाव दिसतं त्या नेम बॉक्समध्ये ६५१३:१०४८५७६ टाइप करून एंटर मारा. आकडे अर्थात इंग्रजी. तेवढ्या सगळ्या ओळी निवडल्या जातील, ओढत बसायची गरज नाही. आता कंट्रोल आणि वजा.

डिलीटचं बटण दाबू नका. त्याने आतला मजकूर जातो, चौकट आणि रंग जागेवर राहतात, म्हणजे पट्टी आहे तशीच. ओळच काढायची, त्यासाठी कंट्रोल-वजा.

लॅपटॉप अडकला असं वाटलं तरी दहा मिनिटं हात लावू नका. फारच जड गेलं तर दोन-दोन लाख ओळी करून काढा, खालून वर. तसंच उजवीकडे ओ कॉलमपासून एक्सएफडीपर्यंत: नेम बॉक्समध्ये ओ:एक्सएफडी, एंटर, कंट्रोल-वजा. त्याआधी एएक्समध्ये काय आहे ते बघून घ्या.

मग फाइल सेव्ह करा, बंद करा, परत उघडा. शेवटची कोठडी एक्सेल सेव्ह करताना नव्याने मोजतं, त्यामुळे सेव्ह न करता पट्टीकडे पाहिलं तर काही झालंच नाही असं वाटतं. शेवटी कॅल्क्युलेशन परत 'ऑटोमॅटिक'वर आणायला विसरू नका. हे राहिलं तर बिलाच्या रकमा जुन्याच राहतील.

खिडकीवाला | बुधवार, संध्याकाळी ६.१०

ताळेबंद सरांनी पहिलं सांगितलंच. मी पुण्यात एका कार्यालयात संगणक विभागात आहे, दुसऱ्या-तिसऱ्या अडचणीकडे मी बघतो. ताई, सचिवकाकांच्या टेबलावर दोन स्क्रीन होते का?

पंचगंगाकाठ | बुधवार, संध्याकाळी ६.३०

हो! एका स्क्रीनवर वजनकाट्याचं आणि फॅटच्या मशीनचं दिसायचं, उजव्या स्क्रीनवर एक्सेल. तुम्हाला कसं कळलं?

खिडकीवाला | बुधवार, संध्याकाळी ७.००

फाइलच सांगते. एक्सेलच्या फाइलमध्ये नुसते आकडे नसतात. खिडकी पडद्यावर कुठे होती, किती रुंद होती, कुठला स्क्रोल बार चालू होता, हे सगळं फाइलमध्येच लिहून ठेवलेलं असतं. काकांनी उजव्या स्क्रीनवर फाइल सेव्ह केली, म्हणून ती तुमच्याकडेही उजवीकडच्या स्क्रीनवर उघडू पाहते. तुमच्याकडे तो स्क्रीनच नाही.

२०१०पर्यंत एक्सेलची एकच मोठी खिडकी असायची आणि फाइली तिच्या पोटात उघडायच्या. २०१३पासून प्रत्येक फाइलला स्वतःची वेगळी खिडकी मिळाली. म्हणून एकच फाइल गायब होते आणि बाकीच्या नीट दिसतात.

आत्ता लगेच आणायची असेल तर: टास्कबारवर तिच्या छोट्या चित्रावर उजवं क्लिक करा. 'मूव्ह' दिसेल. पुसट असेल तर आधी 'रिस्टोअर' करून परत या. 'मूव्ह' निवडल्यावर माउस हलवू नका, कीबोर्डवरचा कुठलाही एक बाण एकदा दाबा. आता खिडकी माउसला चिकटली. माउस पडद्याच्या मध्यात आणा, ती सोबत येते. क्लिक करून सोडा. हेच ऑल्ट-स्पेस दाबून मग एम दाबलं तरी होतं.

अजून एक वाट: दुसरी कुठलीही एक्सेल फाइल उघडा, 'व्ह्यू'मध्ये 'अरेंज ऑल', 'टाइल्ड'. उघड्या असलेल्या सगळ्या फाइली पडद्यावर मांडल्या जातात, हरवलेलीसुद्धा. आणि एक्सेल उघडतं, वरची बटणांची रिबन दिसते, पण खाली नुसता राखाडी भाग असेल तर ते प्रकरण वेगळं. तेव्हा फाइल लपवलेली असते, 'व्ह्यू'मध्ये 'अनहाइड'.

खिडकी जागेवर आली की मोठी करून फाइल सेव्ह करा. सेव्ह नाही केलं तर उद्या परत तेच.

तिसरी अडचण: 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड'. बरंच खाली गेल्यावर 'डिस्प्ले ऑप्शन्स फॉर धिस वर्कबुक' असा भाग येतो. तिथे 'शो हॉरिझॉन्टल स्क्रोल बार', 'शो व्हर्टिकल स्क्रोल बार' आणि 'शो शीट टॅब्ज' अशा तीन खुणा असतात. पहिली गेलेली असणार. 'फॉर धिस वर्कबुक' हे शब्द महत्त्वाचे, कारण ही निवड त्या फाइलपुरती असते आणि फाइलसोबत प्रवास करते.

खूण आधीच असेल तर शीटच्या नावांच्या उजवीकडे तीन उभे ठिपके दिसतील. शीटची संख्या वाढली की कुणीतरी ते ठिपके उजवीकडे ओढतं आणि आडवी पट्टी कोपऱ्यात चेंगरते. ठिपक्यांवर डबलक्लिक केलं की पहिल्यासारखं होतं.

पंचगंगाकाठ | बुधवार, रात्री ९.५५

खिडकी आली, आडवा बारही आला. खूण खरंच नव्हती. डोळ्यांत पाणी आलं हो, तीन आठवडे बाण दाबत होते.

उचल नव्या शीटवर नेली. बारा जणांची कपात जुन्या बिलाशी ताडली, पैशापैशाला जुळली. ओळी काढायला लॅपटॉपने सहा-सात मिनिटं घेतली. एएक्स२ मध्ये 'दर १ पासून नवीन' एवढंच लिहिलेलं होतं, ते डायरीत उतरवून काढलं. फाइल आता १ एमबीपेक्षा कमी आहे! कंट्रोल-एंड एन६५१२ वर जातं.

पण ठोकळा अजून लहानच आहे. पहिल्यापेक्षा मोठा झाला, पण शेवटपर्यंत ओढला तर ४१ हजाराच्या आसपास जातो. माझं कुठे चुकलं?

ताळेबंद | गुरुवार, सकाळी ७.०५

तुमचं काही चुकलेलं नाही. कंट्रोल-एंड फक्त कोठड्या बघतं. कोठड्यांच्या वर तरंगणाऱ्या गोष्टी, म्हणजे चित्र, आकार, टिपा, त्या वेगळ्या. पट्टी त्यांच्यापर्यंतही ताणली जाते. ऑल्ट-एफ१० दाबा. उजवीकडे 'सिलेक्शन' नावाचा भाग उघडेल, त्यात शीटवरच्या सगळ्या चित्रांची यादी येईल. एकेका नावावर क्लिक केलं की ते निवडलं जातं. ४१ हजाराच्या आसपास कोण बसलंय बघा. टिपा या यादीत येतीलच असं नाही, त्यांच्यासाठी 'रिव्ह्यू'मध्ये सगळ्या टिपा दाखवायची सोय आहे.

पंचगंगाकाठ | गुरुवार, सकाळी ७.४०

सापडलं. संस्थेच्या शिक्क्याचं चित्र. कधीतरी कुणी पेस्ट केलं असेल आणि ते घसरत खाली गेलं असेल. काढलं, सेव्ह केलं, उघडलं. ठोकळा आता बोटभर झालाय, आणि शेवटपर्यंत ओढला की शेवटच्या उत्पादकावरच थांबतो.

खिडकीवाला | गुरुवार, सकाळी १०.२०

छान झालं. ज्यांची खिडकी 'मूव्ह'नेही येत नाही त्यांच्यासाठी अजून एक मार्ग लिहून ठेवतो. फाइलची प्रत करा आणि त्या प्रतीच्या नावाचा शेवट एक्सएलएसएक्सऐवजी झिप करा. एक्सेलची फाइल मुळात झिपच असते. आत 'एक्सएल' फोल्डर, त्यात 'वर्कबुक डॉट एक्सएमएल'. ती बाहेर काढून नोटपॅडमध्ये उघडा आणि 'वर्कबुकव्ह्यू' हा शब्द शोधा. त्यापुढे 'एक्सविंडो', 'वायविंडो', 'विंडोविड्थ', 'विंडोहाइट' असे आकडे असतात. ते ट्विपमध्ये असतात, एका इंचात १४४० ट्विप. नेहमीच्या ९६ डीपीआयच्या पडद्यावर एका पिक्सेलला १५ ट्विप, म्हणजे १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा २८,८०० ट्विपचा. 'एक्सविंडो' २८ हजारांच्या पुढे दिसला की ओळखायचं, ही फाइल उजव्या स्क्रीनवर सेव्ह झाली. तिथे ० करा. त्याच ओळीत 'शोहॉरिझॉन्टलस्क्रोल' बरोबर शून्य दिसलं तर आडवा बार बंद आहे, तो शब्द आणि त्याचं शून्य काढून टाका. फाइल परत झिपमध्ये त्याच जागी टाका, नाव पूर्ववत करा. हे फक्त प्रतीवर करायचं.

मास्तर_खानापूर | गुरुवार, दुपारी ३.१५

हा धागा वाचून माझंही विचारतो. मी झेडपी शाळेत शिक्षक आहे. वर्गाचं निकालपत्रक घरच्या संगणकावर नीट चालतं. शाळेच्या छोट्या लॅपटॉपवर उघडलं की खाली जातच नाही. माउसचं चाक फिरवलं तर बाजूची पट्टी हलते, पण पडद्यावर तेच शीर्षक दिसत राहतं. आणि वर्णनात्मक नोंदींच्या शीटवर एका मुलाची नोंद लांब असली तर मधला भाग दिसतच नाही, चाक फिरवलं की सरळ पुढच्या मुलावर उडी जाते.

ताळेबंद | गुरुवार, दुपारी ४.००

मास्तर, पहिल्याचं कारण 'फ्रीझ पेन्स'. शाळेचं नाव, केंद्र, तालुका, यूडायस क्रमांक, विषय, गुण असं करत करत वरच्या किती ओळी गोठवल्या आहेत?

मास्तर_खानापूर | गुरुवार, दुपारी ४.१०

मोजल्या. १४.

ताळेबंद | गुरुवार, दुपारी ४.३०

घरच्या मोठ्या पडद्यावर चाळीसेक ओळी मावत असतील, १४ गोठल्या तरी मुलांची नावं दिसतात. छोट्या लॅपटॉपवर रिबन उघडी असताना एवढ्या उंच ओळी १४-१५च मावतात. मग सगळा पडदा गोठलेल्या भागानेच भरतो आणि खाली सरकणारा भाग पडद्याच्या बाहेर राहतो. 'व्ह्यू', 'फ्रीझ पेन्स', 'अनफ्रीझ पेन्स'. मग वर जाऊन अशी युक्ती करा: पडदा असा सरकवा की विषयांच्या नावांची ओळ सगळ्यात वर दिसेल, तिच्या खालच्या ओळीत पहिल्या मुलाच्या नावाच्या उजवीकडची कोठडी निवडा आणि मग फ्रीझ करा. एकच ओळ आणि नावाचे कॉलम गोठतील. वरचा शाळेचा तपशील तेवढा वेळ झाकलेला राहील. छापताना तो येतोच, आणि बघायचा असला तर अनफ्रीझ करायचं.

तातडीने जागा हवी असेल तर कंट्रोल-एफ१ दाबा, रिबन मिटते.

दुसरं, एका ओळीची उंची एक्सेलमध्ये जास्तीत जास्त ४०९ पॉइंट होऊ शकते. तुमच्या आवृत्तीत सरकणं ओळीच्या हिशेबाने होतं, त्यामुळे पडद्यापेक्षा उंच ओळ मधूनच दिसू शकत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या नव्या आवृत्तीत २०२२पासून ओळीच्या मध्येही थांबता येतं. तुमच्याकडे ते नसेल तर कॉलम रुंद करा म्हणजे उंची घटेल, नाहीतर एका मुलाची नोंद दोन ओळींत विभागा. तुम्ही वर सुचवलेला झूम इथे खरंच उपयोगाचा आहे.

मुक्तस्रोत | गुरुवार, संध्याकाळी ७.२५

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांसाठी: 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'लिब्रेऑफिस कॅल्क', 'व्ह्यू'. तिथे दोन्ही स्क्रोल बार आणि शीट टॅबच्या खुणा असतात. सगळे मेनूच गेले असतील तर कंट्रोल-शिफ्ट-जे, फुल स्क्रीन चुकून लागलेला असतो. आणि रुंद फाइल असेल तर ७.४ किंवा त्यानंतरची आवृत्तीच वापरा. त्याआधी कॅल्कमध्ये १०२४च कॉलम होते, पुढचे कॉलम उघडतच नसत.

सातासमुद्रापार | शुक्रवार, पहाटे ४.५०

इकडे अमेरिकेत आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचा जमाखर्च माझ्याकडे असतो, मॅकवर. माझे दोन्ही बार दोन सेकंद दिसून नाहीसे व्हायचे आणि मी फाइलला दोष देत होते. या धाग्यात 'फाइल की संगणक' असं वाचलं आणि दुसरी फाइल उघडून बघितली, तिथेही तेच. म्हणजे संगणक. ॲपलच्या 'सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये 'अपिअरन्स', त्यात 'शो स्क्रोल बार्स'ला 'ऑलवेज' केलं. आता जागचे हलत नाहीत. ताळेबंद काका, तुमचा तो पहिला प्रश्न फार कामाचा निघाला.

कोरीपाटी | शुक्रवार, सकाळी ९.००

मी दिलेला सल्ला चुकीचा होता, पंचगंगाकाठ ताई, माफ करा. त्या २३ घरांचं वाचून अंगावर काटा आला. माझी एक शंका आहे: बाणाचं बटण दाबलं की कोठडी बदलण्याऐवजी पूर्ण शीटच सरकतं, तेही याच कुळातलं का?

खिडकीवाला | शुक्रवार, सकाळी ९.२०

नाही, ते स्क्रोल लॉक. खालच्या पट्टीवर तसं लिहिलेलं दिसेल. लॅपटॉपवर ते बटण नसेल तर विंडोज-कंट्रोल-ओ दाबा, पडद्यावर कीबोर्ड येतो, त्यातलं 'स्क्रोल लॉक' एकदा दाबा. आणि कोठडी कुठे हरवली ते कळत नसेल तर कंट्रोल-बॅकस्पेस, पडदा चालू कोठडीवर परत येतो.

ताळेबंद | शुक्रवार, सकाळी १०.१०

पंचगंगाकाठ ताई, एक काम उरलंय. सचिवकाकांनी तळापर्यंत चौकटी मारल्या त्या आळसाने नव्हेत, पुढच्या नोंदींची सोय म्हणून. ती सोय तुम्हालाही लागेलच. तर डेटामध्ये कुठेही उभं राहून कंट्रोल-टी दाबा. शीर्षकाची ओळ एकच असायला हवी आणि तिच्यात जोडलेल्या कोठड्या नसाव्यात. एक्सेल त्या पट्ट्याचं टेबल करतं. शेवटच्या ओळीखाली नवीन नोंद टाइप केली की टेबल स्वतःच एक ओळ वाढतं, चौकट आणि दराचं सूत्र घेऊन. तळापर्यंत काही आखून ठेवावं लागत नाही. बिल निघाल्यावर करा, आधी नको.

पंचगंगाकाठ | रविवार, रात्री ८.३५

बिल निघालं. ३४० जणांचं, दोन तासांत. मागच्या खेपेला पूर्ण दिवस गेला होता.

टेबलही करून बघितलं, प्रतीवर. फॅटच्या शीर्षकात दोन कोठड्या जोडलेल्या होत्या त्या सोडवल्या. आज संध्याकाळच्या पाळीचं दूध त्यातच भरलं, रक्कम आपोआप आली. सचिवकाकांना फोन करून उचलीचं शीट वेगळं केल्याचं सांगितलं. म्हणाले, त्या ओळी तिथे ठेवल्याचं मीही विसरलो होतो, एकदा समोर बसून सगळ्या उचली तपासून घेऊ. मंगळवारी येणार आहेत.